गाडी घेऊन उमऱ्याला निघताय? माणसांइतकेच गाडीचेही कागद बघा

ईदच्या सुट्टीची तारीख जाहीर झाली की दुबई, शारजा, अजमानमधल्या आपल्या घरांत एकच हिशेब सुरू होतो. पाच माणसांचे विमानाचे तिकीट, वर जिद्दाहून मक्केपर्यंतचे टॅक्सीभाडे. एवढ्यात कोणीतरी म्हणतेच, "अरे, दारात गाडी उभी आहे. डिकीत सामान टाकू, बिस्मिल्लाह म्हणू आणि निघू." रत्नागिरी, रायगडकडून आखातात गेलेली कितीतरी कुटुंबे अशी रस्त्याने उमरा करून आली आहेत. सफर सुंदर आहे यात शंका नाही. मुलांना वाळवंट दिसते, उंट दिसतात, रस्त्याकडेच्या मशिदीत सगळ्यांनी मिळून पढलेली नमाज पुढे कितीतरी वर्षे आठवत राहते.

पण काही कुटुंबे सीमेवरून परतही फिरतात. त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरात हे झाले. चौघांचे व्हिसा तयार. नुसुक ॲपवर उमऱ्याची वेळ घेतलेली. मक्केतले हॉटेल बुक केलेले. पहाटे निघून साडेचारशेहून जास्त किलोमीटर कापून ते सीमेवर पोहोचले. काउंटरवरच्या माणसाने मुल्किया हातात घेतला आणि विचारले, "ही गाडी कोणाची?" गाडी होती मोठ्या भावाची. भाऊ शारजात, ड्युटीवर. त्याने लिहून दिलेले अधिकृत पत्र नव्हते. फोनवर बोलून काही होईना. दुपारच्या उन्हात मागच्या सीटवर दोन मुले आणि मांडीवर इहरामची पिशवी, असे ते कुटुंब त्याच रस्त्याने माघारी आले. माणसांचे सगळे कागद होते, गाडीचे नव्हते.

म्हणून हा लेख. यूएईतून स्वतःच्या गाडीने सौदीत जाऊन उमरा करायचा तर काय काय तयारी लागते, ते आम्ही इथे क्रमाने सांगतो आहोत. ओमान, कतार, कुवेत, बहरीनमध्ये राहणाऱ्यांच्या सीमा आणि फॉर्म वेगळे असतील, पण विचार हाच लागू होतो. या सफरीत तीन मुसाफिर असतात: माणसे, गाडी आणि गाडी चालवणारा. तिघांची तयारी वेगवेगळी करावी लागते. आपण बहुतेक वेळा पहिल्याचीच करतो.

आधी रस्ता समजून घ्या

दुबई ते मक्का हे अंतर साधारण १,९०० ते २,००० किलोमीटर आहे. दुबईहून अबू धाबी, मग रुवैसवरून गुवैफात ही यूएईची शेवटची चौकी. तिच्या पलीकडे सौदीची अल-बथा चौकी. तिथून रियाधपर्यंत पाचशेहून जास्त किलोमीटर, आणि रियाधपासून मक्का साधारण ८७० किलोमीटर. दोन्ही देशांत गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, त्यामुळे त्या बाबतीत नवीन काही शिकावे लागत नाही. सौदीची वेळ यूएईपेक्षा एक तास मागे आहे. हॉटेलची आणि नुसुकची वेळ ठरवताना हा एक तास ध्यानात ठेवा.

आता हिशेब करा. सीमेवरचे तास धरून पहिला दिवस दुबई ते रियाध. रात्री मुक्काम. दुसरा दिवस रियाध ते मक्का. परतीचेही असेच दोन दिवस. म्हणजे चार दिवस निव्वळ रस्त्यावर. मक्केत पूर्ण दोन दिवस राहायचे तर सहा दिवस, आणि मदिनेला जायचे तर आणखी दोन-तीन दिवस, कारण मक्का ते मदिना हेच अंतर साधारण ४५० किलोमीटर आहे.

म्हणून स्पष्टच सांगतो: सुट्टी चारच दिवसांची असेल तर ही सफर गाडीने करू नका. रात्रभर गाडी हाणून, दोन तास झोपून, उमरा करून लगेच उलटे फिरणारे लोक आम्हाला माहीत आहेत. सुखरूप पोहोचले ही अल्लाहची मेहरबानी. पण त्यांचा कित्ता गिरवू नये. चार दिवसच असतील तर विमानाने जा. गाडीच काढायची हौस असेल तर मस्कतला जाऊन या. दुबईपासून ते साधारण ४५० किलोमीटर आहे. अर्थात ओमानचा व्हिसा आणि ओमानसाठी गाडीचा विमा तिथेही लागतोच.

माणसांचे कागद

यूएईचा रहिवासी व्हिसा असलेल्या भारतीयांना सौदीचा ई-व्हिसा ऑनलाइन काढता येतो आणि हजचा मोसम सोडून त्यावर उमराही करता येतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने आणि यूएईच्या रहिवासी व्हिसाची मुदत किमान तीन महिने शिल्लक हवी. घरातल्या प्रत्येकाची तारीख वेगळी असते. मोठ्यांच्या तारखा आपल्या ध्यानात असतात, लहानग्याचा पासपोर्ट मात्र कधी संपतो ते कोणी बघत नाही. सगळे पासपोर्ट एकदा टेबलावर मांडा आणि तारखा एका कागदावर लिहून काढा.

आता सर्वात मोठी चूक सांगतो. गावाहून अब्बा-अम्मी व्हिजिट व्हिसावर आलेले असतात. मुलाला वाटते, "गाडीत जागा आहे, त्यांनाही घेऊन जाऊ. यापेक्षा मोठी खिदमत कोणती?" नियत नेक आहे. पण इथे दोन अडचणी आहेत. पहिली अशी की आखातातल्या रहिवाशांसाठी असलेला सौदी व्हिसा त्यांना मिळत नाही, कारण ते इथले रहिवासी नाहीत. त्यांचा सौदी व्हिसा वेगळा काढावा लागतो. दुसरी अडचण जास्त वाईट आहे. त्यांचा यूएईचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर गुवैफातला बाहेरचा शिक्का बसताच तो संपतो. उमरा करून परत सीमेवर आले की यूएईत शिरायला व्हिसाच नाही. सत्तरीची आई चौकीवर बाकड्यावर बसलेली, मुलगा फोनवर टायपिंग सेंटरवाल्याला विनवतोय, असा प्रसंग कोणावर येऊ नये. म्हणून गावी तिकीट काढण्याआधीच ठरवा. अब्बा-अम्मींना उमऱ्याला न्यायचे असेल तर त्यांचा यूएईचा व्हिसा एकाहून जास्त प्रवेशांचा घ्या, नाहीतर त्यांना सौदीहून थेट मुंबईला जाता येईल असे तिकीट बघा.

उमऱ्याची परवानगी नुसुक ॲपवरून घ्यायची असते. मदिनेत रौज़ामध्ये नमाज पढायची असेल तर तिचीही वेळ तिथेच घ्यावी लागते, आणि त्या वेळा फार लवकर भरतात. हजच्या आधीच्या आठवड्यांत मात्र मक्केत इतर व्हिसावर प्रवेश बंद होतो. त्या काळात "बघू, सोडतील" म्हणून निघू नका. सोडत नाहीत, वर मोठा दंड बसतो.

गाडीचे कागद

इथे पहिला सवाल एकच: मुल्कियावर नाव कोणाचे आहे?

गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर आणि कर्जमुक्त असेल तर काम सोपे. मूळ मुल्किया, यूएईचे मूळ लायसन्स आणि एमिरेट्स आयडी सोबत ठेवा. मुल्कियाची मुदत परतीच्या तारखेच्याही पुढची हवी. सफरीच्या मधेच मुदत संपत असेल तर नूतनीकरण करूनच निघा.

गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर ती गाडी देशाबाहेर न्यायला बँकेची हरकत नाही, असे पत्र बँकेकडून घ्या. एका फोनने हे पत्र लगेच मिळेल या भरवशावर राहू नका. दहा-पंधरा दिवस आधी अर्ज करा. पत्रात गाडीचा नंबर, चासी नंबर, कोणत्या देशात जाणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे सगळे आले आहे ना ते नीट वाचा. चासीतला एक आकडा चुकला तरी काउंटरवर अडायला तेवढे पुरते.

गाडी भावाची, मेहुण्याची किंवा दोस्ताची असेल तर मालकाचे रीतसर अधिकृत पत्र लागते. व्हॉट्सॲपवर पाठवलेली "माझी परवानगी आहे" अशी व्हॉइस नोट चालत नाही. कंपनीची गाडी असेल तर कंपनीचे सही-शिक्क्याचे पत्र हवे. भाड्याची गाडी असेल तर आधी करार वाचा. बऱ्याच कंपन्या भाड्याची गाडी सौदीत नेऊच देत नाहीत. या सर्व पत्रांचा मजकूर अरबीत असला तर सीमेवर काम सोपे होते, म्हणून घेतानाच अरबी प्रत मागा.

आणखी एक गोष्ट. सौदीत शिरताना गाडीची नोंद ती आत आणणाऱ्याच्या नावाशी जोडली जाते. म्हणजे गाडी बिघडली म्हणून ती रियाधच्या गॅरेजात सोडून आपण विमानाने निघून यावे, असे सहज करता येत नाही. जो गाडी आत घेऊन गेला त्यानेच ती बाहेर आणायची, हा साधा नियम धरून चाला. चालवायला दोघे असतील तर सीमा ओलांडताना स्टिअरिंगवर गाडीचा मालकच असू द्या.

विमा: दिसतो तसा नसतो

"माझा फुल इन्शुरन्स आहे," असे आपण बिनधास्त सांगतो. पण तो कुठे लागू आहे, हे पॉलिसीच्या आतल्या पानावर लिहिलेले असते. यूएईतला फुल इन्शुरन्स सौदीत लागू असेलच असे नाही.

विम्याचे दोन भाग वेगळे समजून घ्या. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई देतो तो थर्ड पार्टी विमा. सौदीत परदेशी गाडीला तो बंधनकारक आहे. सौदीत चालणारा थर्ड पार्टी विमा आधी ऑनलाइन घेता येतो, किंवा सीमेवरच्या खिडकीवर मिळतो. पण त्या विम्यातून आपल्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी काही मिळत नाही. आपली गाडी ठोकली, उलटली किंवा बंद पडली तर तो खर्च आपल्या मूळ पॉलिसीत सौदीसाठी वाढ करून घेतली असेल तरच मिळतो. म्हणून निघण्याआधी विमा कंपनीला ईमेल करा आणि चार प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या:

- माझ्या गाडीचे नुकसान सौदीत झाले तर भरपाई मिळेल का?
- गाडी बंद पडली तर उचलून नेण्याची सोय सौदीत आहे का?
- माझ्याशिवाय आणखी कोण गाडी चालवू शकतो?
- गाडीत बसलेल्या माझ्या घरच्यांना इजा झाली तर त्यांच्या इलाजाचे काय?

शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. चालवणारा आणि त्याच्या घरचे यांचे संरक्षण बऱ्याच पॉलिसींत वेगळे घ्यावे लागते. त्याची रक्कम फार नसते.

हे सगळे का सांगतो आहोत? कारण रस्त्यावर चुकून कोणाचा जीव गेला तर मामला फक्त पोलीस आणि दंडावर संपत नाही. दियत काय असते ते आपल्याला माहीत आहे. सौदीत चुकून झालेल्या मृत्यूसाठी मुस्लिम पुरुषाची दियत २०११ पासून ३ लाख रियाल धरली जाते. विमा वैध असेल आणि त्याच्या अटी पाळलेल्या असतील तर ही जबाबदारी विमा कंपनी उचलते. नसेल तर ती चालवणाऱ्याच्या डोक्यावर येते आणि मामला मिटेपर्यंत देश सोडता येणे कठीण होते. दोन-तीन हजार दिरहम पगारातून घरी पाठवणाऱ्या माणसासाठी ही रक्कम म्हणजे सारी जिंदगी. सीमेवरच्या खिडकीत भरलेली विम्याची फी फुकट गेली असे वाटत असेल तर एकदा हा आकडा आठवा.

गाडीची तब्येत

निघण्याच्या एक आठवडा आधी गाडी गॅरेजला दाखवा. आदल्या दिवशी नव्हे, कारण काही निघाले तर दुरुस्तीला वेळ हवा. ऑइल, कूलंट, ब्रेक, पट्टे, एसी आणि बॅटरी तपासा. आखातातल्या उन्हात बॅटरी फार वर्षे तग धरत नाही. दोन वर्षे झाली असतील तर तिची टेस्ट करून घ्या.

सगळ्यात जास्त लक्ष टायरकडे द्या. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ सालातल्या २३व्या आठवड्यात बनलेला. यूएईत पाच वर्षांपेक्षा जुने टायर चालत नाहीत, आणि लांबच्या सफरीला तर तेवढेही जुने नकोत. नक्षी शाबूत दिसली म्हणून फसू नका. उन्हाने रबर आतून कडक होते आणि भरलेल्या गाडीत, तापलेल्या रस्त्यावर, वेगात असताना टायर फुटतो. हवा गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढी, आणि सकाळी टायर थंड असताना भरा. भरलेल्या गाडीसाठी तिथे वेगळा आकडा असतो, तो बघा. स्टेपनीतही हवा आहे ना? जॅक आणि पाना डिकीत आहेत ना? सामान भरण्याआधी बघा, कारण नंतर स्टेपनी काढायला सगळ्या बॅगा रस्त्यावर मांडाव्या लागतात.

त्रिकोणी बोर्ड, आग विझवण्याचा सिलिंडर, प्रथमोपचाराची पेटी आणि टॉर्च ठेवा. पाणी माणसांसाठी वेगळे आणि गाडीसाठी वेगळे घ्या. बथानंतर वस्ती फार विरळ आहे. टाकी अर्धी झाली की पंप दिसेल तिथे भरा, "पुढच्या पंपावर बघू" म्हणू नका.

लहान मुलांना चाइल्ड सीटमध्येच बसवा. आईच्या मांडीवर बाळ सुरक्षित असते ही आपली समजूत फक्त थांबलेल्या गाडीत खरी आहे.

सामानात काय नको

घरून नाश्ता, तेलपोळी, चटणी न्यायला हरकत नाही. पण गावाहून आलेल्या मसाल्याच्या पिशव्या आधी तपासा. खसखस यूएई आणि सौदी दोन्हीकडे बंद आहे. अम्मीने प्रेमाने दिलेल्या वाटणाच्या सामानात खसखशीची पुडी राहून गेली तर काउंटरवर ती "मसाला" ठरत नाही, अमली पदार्थ ठरते.

औषधांचेही तसेच. भारतात सहज मिळणाऱ्या काही वेदनाशामक, खोकल्याच्या आणि झोपेच्या औषधांवर सौदीत कडक बंदी किंवा निर्बंध आहेत. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधे डॉक्टरांच्या कागदाशिवाय अजिबात नेऊ नका. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसह न्या. सुट्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका. इन्सुलिनसाठी थंड पिशवी घ्या, कारण उभ्या गाडीत ते वाया जाते.

दोस्ताने "हे जरा मक्केत माझ्या भावाला द्या" म्हणून दिलेले पार्सल उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. नाराजी आली तर येऊ द्या. गाडीत जे आहे त्याचा जबाब चालवणाऱ्यालाच द्यावा लागतो.

मीकात चुकवू नका

विमानात मीकातची घोषणा होते, गाडीत कोणी करत नाही. रियाधकडून येणाऱ्यांची मीकात करन अल-मनाज़िल. आज ती अस-सैल अल-कबीर या नावाने ओळखली जाते. मक्केपासून ती साधारण ७५-८० किलोमीटरवर आहे. तिथे मोठी मशीद, गुस्लखाने आणि गाड्या लावायला भरपूर जागा आहे. ताइफ शहरातून अल-हदाच्या घाटाने उतरणार असाल तर त्या वाटेवरची मीकात वादी मुहरिम. मोबाईलचा नकाशा वेळेचा हिशेब करून कधी या वाटेने नेतो, कधी त्या. म्हणून आधीच ठरवा आणि नकाशात थेट मक्का न टाकता मीकातची मशीदच टाका. घाटाची सवय नसेल आणि गाडी भरलेली असेल तर सैलचा रस्ता बरा. आधी मदिनेला जात असाल तर मक्केकडे निघताना मीकात ज़ुल-हुलैफा, म्हणजे अबयार अली.

इहराममध्ये सीटबेल्ट लावायला हरकत नाही. पण सुगंध चालत नाही, म्हणून गाडीत टांगलेला अत्तराचा डबा आधीच काढून ठेवा आणि वेट वाइप्स बिनवासाचे घ्या. चालवणाऱ्याने चादर पेडलमध्ये अडकणार नाही अशी आवरून बसावे. प्रवासात नमाजची कसर आहेच. आपल्यातले बहुतेक कोकणी शाफई आहेत, त्यांना सफरीत दोन नमाजा एकत्र पढण्याचीही मुभा आहे. हनफी भावांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. पेट्रोलपंपाजवळ मशीद असतेच. नमाजचा थांबा आणि गाडीचा थांबा एकच धरला तर वेळही वाचतो आणि थकवाही उतरतो.

चालवणारा माणूस

आता तिसरा मुसाफिर. बहुतेक घरांत तो सफरीच्या आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत ड्युटी करतो, मग सामान भरतो, मग दोन तास झोपतो आणि पहाटे स्टिअरिंगवर बसतो. सीमेवर तीन-चार तास उन्हात उभा राहतो. त्यानंतर त्याच्यासमोर शेकडो किलोमीटरचा सरळ रस्ता येतो. वळण नाही, झाड नाही. मागे सगळे झोपलेले. अशा वेळी डोळे उघडे असतात, पण माणूस झोपलेला असतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी सुट्टी घ्या. दर दोन तासांनी थांबा. डोळे जड झाले तर कॉफी पिऊन पुढे रेटू नका, गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटे झोपा. अंधार पडल्यावर वाळवंटातला रस्ता टाळा. रात्री उंट रस्त्यावर येतात आणि हेडलाइटमध्ये ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

बायकोकडे यूएईचे लायसन्स असेल तर तिनेही गाडी चालवावी. जून २०१८ पासून सौदीत बायकांना गाडी चालवायला परवानगी आहे. विम्यात तिचे नाव किंवा मुभा आहे का, तेवढे आधी बघा. पण गावाहून आलेल्या मेहुण्याच्या हाती केवळ भारतीय लायसन्सवर स्टिअरिंग देऊ नका. काही झाले तर विमा हात वर करील.

वेगाचे म्हणाल तर सौदीच्या महामार्गांवर साधारण ताशी १२० आणि काही ठिकाणी १४० किलोमीटरची मर्यादा आहे. पाटी बघून चालवा. दुबईत मर्यादेवर मिळणारी २० किलोमीटरची सवलत डोक्यातून काढून टाका. अबू धाबीतही ती २०१८ पासून बंद आहे, आणि गुवैफातपर्यंतचा बहुतेक रस्ता अबू धाबीच्या हद्दीतच आहे. सौदीत कॅमेऱ्याने लागलेला दंड परत येताना सीमेवर समोर येऊ शकतो, तेवढे पैसे राखून ठेवा.

काही झालेच तर

अल्लाह न करो, अपघात झाला तर आधी माणसे बघा, गाडी नंतर. एक गोष्ट घरातल्या सर्वांनी पाठ करावी. यूएईत ॲम्ब्युलन्स ९९८ आणि अग्निशमन ९९७. सौदीत हे नेमके उलटे आहे: ॲम्ब्युलन्स ९९७ आणि अग्निशमन ९९८. आपल्या वाटेवरच्या पूर्व प्रांत, रियाध आणि मक्का या भागांत ९११ हा एकच नंबरही चालतो. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून डॅशबोर्डवर चिकटवा.

किरकोळ धडक असली तरी "जाऊ दे, दोन-चारशे रियाल घे आणि मिटव" असे करू नका. अपघाताचा अधिकृत कागद नसेल तर विमा मिळत नाही. दोन्ही देशांत ठोकलेल्या गाडीच्या दुरुस्तीलाही तो कागद लागतो. फोटो काढा, समोरच्या गाडीचा नंबर आणि विमा टिपा, आणि न समजणाऱ्या अरबी कागदावर सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या.

मक्केत पोहोचल्यावर गाडी हरमच्या दारापर्यंत नेण्याचा हट्ट नको. आजूबाजूचे रस्ते वेळोवेळी बंद असतात. हॉटेलला स्वतःचे पार्किंग आहे का, ते बुकिंगच्या वेळीच विचारा. नसेल तर कुदैसारख्या मोठ्या पार्किंगमध्ये गाडी लावून बसने जा.

एका नजरेत तयारी

- एक महिना आधी: सर्वांच्या पासपोर्ट आणि रहिवासी व्हिसाच्या तारखा, मुल्कियाची मुदत, सुट्टीचे दिवस.
- तीन आठवडे आधी: सौदीचा व्हिसा, बँकेचे किंवा मालकाचे पत्र, विमा कंपनीला ईमेल.
- एक आठवडा आधी: गॅरेज, टायर, स्टेपनी, नुसुकवरची परवानगी, रियाधचा मुक्काम.
- दोन दिवस आधी: औषधे आणि चिठ्ठ्या, मसाल्यांची तपासणी, कागदांच्या दोन-दोन प्रती, नकाशा मोबाईलमध्ये उतरवून ठेवणे.
- आदल्या दिवशी: फक्त झोप.

निघताना एक काम करा. गावी भावाला किंवा इथल्या एखाद्या शेजाऱ्याला तुमचा रस्ता, मुक्काम आणि गाडीचा नंबर कळवून ठेवा, आणि दर मुक्कामी "पोहोचलो" एवढा एक मेसेज टाका.

कोणी म्हणेल, एवढे कागद आणि एवढी चिंता, मग तवक्कुल कुठे राहिला? उंट मोकळा सोडून भरोसा ठेवू पाहणाऱ्याला, आधी उंट बांध आणि मग अल्लाहवर भरोसा ठेव, ही आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे. आपल्या दारात उंट नाही, गाडी आहे. तिचा विमा, तिचे टायर, तिच्या मालकाचे पत्र ही तिची दोरी. ती नीट बांधा, सफरची दुआ पढा आणि निघा. हरमवर पहिली नजर पडेल तेव्हा आम्हालाही दुआत याद ठेवा.